थपडेचा आवाज

सिनेमातल्या थपडा मी तेरा वर्षं मारल्या. पडद्यावर हात हिरोचा असायचा, आवाज माझा. आमच्या आवाजाच्या खोलीत समोर मुकं चित्र चालायचं आणि आम्ही त्याला पावलं, दारं, भांडी पुरवायचो. थपडेसाठी चामड्याचा जुना पट्टा दुहेरी करायचा, फळीवर ओलं फडकं पसरायचं आणि त्यावर हाणायचा. रेकॉर्डिंग करणाऱ्या गृहस्थांना आम्ही कानसेन म्हणायचो. ते काचेपलीकडून ओरडत, "बाई, जरा जीव लावून! शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही कळलं पाहिजे."

एके वर्षी एक सिनेमा धो धो चालला होता. नोकरी करणारी, केस कापलेली, नवऱ्याला उलट बोलणारी बायको. बारा रिळं ती मोकाट आणि तेराव्या रिळात भर पार्टीत नवरा तिच्या थोबाडीत देतो. चौदाव्यात ती डोक्यावर पदर घेऊन त्याची वाट बघत बसते. थप्पड पडली की थिएटरात टाळ्या पडत, आणि बायकांच्या रांगांतून जास्त. आई तो सिनेमा तीनदा बघून आली. मीही तिच्याशेजारी बसून माझ्याच आवाजाला पडलेल्या टाळ्या ऐकल्या आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

त्यानंतर महिन्याभरातच ताई बॅग घेऊन घरी आली. "हे मारतात," एवढंच म्हणाली.

वडील नव्हते, त्यामुळे निवाडा आईचा. आईनं तिला उलटं सुलटं तपासलं. अंगावर वळ नव्हता, ओठ फुटलेला नव्हता. मग ती एकटीच ताईच्या बिऱ्हाडी जाऊन शेजारच्या वहिनींना विचारून आली.

"भिंत म्हणजे नुसता पुठ्ठा आहे," आई आल्या आल्या म्हणाली. "तुझ्या हातून चमचा पडला तरी त्या बाईला कळतं. थप्पड म्हणे कधीच ऐकली नाही. एक दिवस नाही."

"आई, मी खोटं बोलतेय का?"

"खोटं नाही गं. वाढवून सांगतेस. हात लागला असेल कधी रागात. खरी थप्पड काय असते ते माहितेय का तुला? अख्खं थिएटर हादरतं."

मी भाजी निवडत होते. माझे हात थांबले. आईच्या मनातला तो आवाज माझ्या पट्ट्याचा होता. मी म्हणाले, "आई, तो आवाज खोटा असतो. मी काढते तो."

"तू गप्प बस. स्वतःचं लग्न व्हायचंय अजून."

रविवारी दुपारी ताईला पोचवायचं ठरलं. मीही गेले. भावोजी दारात हसतमुख उभे. "या या! घर कसं सुनं सुनं झालं होतं बघा." आणि चहाला दूध नाही म्हणून किटली घेऊन स्वतः खाली गेले. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, असा जावई दिवा लावून शोधला तरी मिळायचा नाही.

माझ्यापाशी दूध येईपर्यंतचाच वेळ होता. "आई," मी म्हटलं, "एक काम कर. वहिनींकडे जाऊन भिंतीला लागून बस. मी इथे ताईच्या हातची एक खाऊन बघते. ऐकू आली तर ताई इथेच राहील, मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"काय पोरखेळ आहे!" आई म्हणाली. पण गेली.

मी ताईसमोर उभी राहिले. "मार."

तिचा हात उठेना. मी दोनदा सांगितलं, मग तिचा हात धरून माझ्या गालाला लावला. तेव्हा ती हळूच म्हणाली, "असं नाही." तिनं डावा हात माझ्या डोक्यामागे नेला, केस घट्ट धरले, मान हलणार नाही असे. मग उजव्या हाताचा तळवा थोडा खोलगट केला. इतक्या सवयीनं हे सगळं केलं, की मला मार बसायच्या आधीच रडू आलं. इतक्या वर्षांत असं कोणत्याही चित्रात मी पाहिलं नव्हतं.

ढप्प. बस, एवढाच आवाज. कान मात्र सुन्न झाला आणि खालचा ओठ दातात सापडला.

"ओरडायचं नाही," ताई म्हणाली. "ओरडलं की दुसरी बसते."

मी तशीच शेजारी गेले. आई आणि वहिनी भिंतीलगत बसल्या होत्या. आई वैतागली होती. "अगं, कधीची कान लावून बसलेय. मारलं की नाही तिनं?"

वहिनी हसून म्हणाल्या, "काकू, त्यांनी आधी उशी झटकली वाटतं. रोज संध्याकाळी झटकतात. मी आमच्या ह्यांना सांगत असते, बघा बाई किती टापटिपीची आहे."

मी उजेडात तोंड केलं. आईनं गालाकडे पाहिलं, मग ओठाकडे. उठून जवळ आली, दोन बोटं गालावर ठेवली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली.

"रोज?" तिनं वहिनींना विचारलं.

"म्हणजे... आठवड्यातून चार-पाचदा तरी..." बोलता बोलता वहिनींचा आवाज बसला. "अगं आई गं. मला खरंच उशी वाटली हो काकू."

आई बाहेर पडली, ताईच्या खोलीत गेली आणि तिची बॅग स्वतः उचलली. आम्ही जिन्यात असताना भावोजी किटली घेऊन वर येत होते.

"हे काय, चहा न घेताच?"

जिना अरुंद होता. त्यांना बाजूला व्हायला हवं होतं, ते होईनात. आईनं ताईला स्वतःच्या मागे घेतलं.

"सरका," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्यांना जावईबापू म्हटलं नाही.

ते सरकले.