काचेआडचं ऊन

धाकट्या भावाला बोटीवर आठ महिन्यांचं काम लागलं आणि त्याचा दाढीवाला सरडा ताईच्या शिवणाच्या दुकानात मुक्कामाला आला. वीतभर अंग, तेवढीच शेपूट, हनुवटीखाली काटेरी दाढी आणि चेहरा असा, की आत्ता कुणालातरी चौकीत बसवेल. भाऊ त्याला फौजदार म्हणायचा. त्याच्या काचेच्या पेटीतला खास दिवा गेलाय, पण खिडकीत ऊन येतं तेवढं पुरे, असं सांगून तो निघून गेला.

दुकानामागच्या खोलीत आत्या राहायची. जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे चुका काढणं हा तिचा हक्कच. पोराला पाळायला दुसरं काही मिळालं नाही का, असं तिने तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा विचारता विचारता फौजदाराला गाजराचा कीस भरवला.

तिसऱ्या महिन्यात फौजदाराचा रुबाब उतरला. आधी त्याची बोटं थरथरायला लागली. मशीनच्या धडधडीने पेटी हलत असेल, असं ताईला वाटलं. तिने मशीन थांबवलं. बोटं थरथरतच राहिली. मग एका सकाळी तो किड्यामागे निघाला आणि मागचा उजवा पाय नुसता फरफटत गेला.

दुकान बंद करून दोघी त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. एक्स-रेमध्ये हाडं इतकी फिकट, की ताईला ती दिसेनातच. बाईंनी समजावलं, की डी जीवनसत्त्व कमी पडलंय, त्यामुळे खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि शरीर ते हाडांमधूनच काढून घेतं. म्हणून पाय मऊ पडलेत.

"पण ऊन तर रोज मिळतं त्याला," ताई म्हणाली.

"काचेतून ना? काचेतून उजेड येतो, ऊब येते. पण डी जीवनसत्त्व ज्या किरणांनी तयार होतं, ते बाहेरच अडतात."

गेली दोन वर्षं त्याच खिडकीशी दुखरे गुडघे धरून बसणाऱ्या आत्याने हळूच विचारलं, की माणसांचंही असंच असतं का.

"आजी, मी सरड्यांची डॉक्टर," बाई हसल्या. "तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण काच माणूस-सरडा असा भेद करत नाही."

ताईने त्याच रात्री भावाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, चूक माझी आहे. दिवा आणायचा कंटाळा मीच केला."

ते किरण देणारा नवा दिवा आला. तोंडात औषधाचे थेंब, खायच्या किड्यांवर कॅल्शियमची पांढरी पूड, असं सगळं वेळापत्रक आत्याने फळ्यावर खडूने लिहून काढलं. पडून हाड मोडू नये म्हणून ताईने पेटीत फ्लॅनेलची गादी घातली आणि उरलेल्या निळ्या कापडाची दोरी लावलेली अंगी शिवली. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात लहान माप. रोज सकाळी आत्या दोरी धरून त्याला गच्चीवर न्यायची. हातात छत्री, ती उन्हासाठी नाही, कावळ्यांसाठी. गिऱ्हाईकं आपल्या पँटच्या आधी फौजदाराची चौकशी करू लागली. मधल्या काळात आत्याच्या डॉक्टरांनी तिलाही गोळ्या सुरू केल्या होत्या.

उपचारांच्या दहाव्या आठवड्यात गच्चीवर धावपळ ऐकू आली, म्हणून ताई गळ्यात टेप तशीच घेऊन वर पळाली. कुंडीवर नाकतोडा बसला होता आणि फौजदाराने चारही पायांवर धूम ठोकली होती. दोरी सुटलेली. मागून आत्या, उघड्या छत्रीसकट. ताईने मोबाईल काढला. कठड्याशी फौजदार थांबला, तेव्हा त्याच्या तोंडातून नाकतोड्याचा पंख लोंबत होता आणि आत्याला हसून हसून धाप लागली होती.

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात," ती म्हणाली. "कठडा नसता तर हा थेट बोटीवरच गेला असता."

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हाडं भरली आहेत. उजवा पाय थोडा वाकडाच राहील, पण दुखणार नाही. त्याच संध्याकाळी ताईने भावाला व्हिडिओ पाठवायला घेतला. आपण पळतोय तेवढा भाग काढून टाक, असं आत्याने बजावलं होतं. ताईने तो सगळाच्या सगळा पाठवला.