दोन गुणांच्या टाळ्या

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात औषध कंपनीची जीप खर्ड्याला आली. पुष्पावतीच्या नवऱ्याला, सहादेवला, नगरच्या एका हॉटेलात डॉक्टरांच्या सभेपुढे उभं करायचं होतं.

सहादेव तीस वर्षं ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला पान्यांची नावं आठवेनात, मग घराची वाट. नगरच्या मोठ्या डॉक्टरांनी नवी गोळी सुरू केली होती. तिला आठ महिने झाले होते.

हॉलमध्ये चाळीसेक डॉक्टर काजू खात बसले होते. मोठे डॉक्टर म्हणाले, "या रोगात मेंदूतलं एक रसायन कमी पडतं. गोळी ते टिकवते. स्मरणशक्तीच्या चाचणीत यांना तीसपैकी चौदा गुण होते, आता सोळा."

टाळ्या पडल्या. दोन गुणांना! पुष्पावतीला किळस आली.

"सहादेव, साल कोणतं?"

"नव्व्याण्णव."

जामखेडपासून नगरपर्यंत कंपनीच्या संदीपने त्याच्याकडून एवढंच घोकून घेतलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी माईक पुष्पावतीपुढे धरला. "बाई, फरक सांगा."

"फरक हाय की. गोळीपासनं मळमळतंय, भाकरी जात न्हाई. साल सांगत्यात, पर काल सदऱ्याच्या बाहीत पाय घालत हुते."

डॉक्टरांनी माईक ओढला. तिने सोडला नाही.

"ह्यांची शुगर चढलीया, बीपी हाय, डाव्या कानानं ऐकू येत न्हाई, झोप न्हाई. आठ महिन्यांत कुनी कानात डोकावलं न्हाई. ह्ये आधी सगळं इंजिन खोलायचे. नुसतं नोझल बदलून गिऱ्हाईक कवा घरी धाडलं न्हाई."

"या रोगाला दुसरं औषध नाही, बाई," डॉक्टर लहान पोराला समजवावं तसं हसले.

"मग टाळ्या कशाच्या?"

संदीपने घाईघाईने जेवणाची घोषणा केली.

बाहेर जीपजवळ सभेला आलेले जामखेडचे डॉक्टर अमृत तिच्यामागे आले. "ताई, खरं बोललात. मेंदूत एकाच वेळी बरंच काही बिघडतं. गोळी त्यातल्या एकाच जागी पोचते. बाकीचं आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

"ह्ये आत का न्हाई बोलला?"

अमृतनी खाली बघत जीपचं दार उघडून धरलं. तिने त्यांना नीट वरखाली न्याहाळलं, जणू बाजारात सडकं वांगं हाती लागलं होतं.

तरी पुढच्या सोमवारी ती सहादेवला घेऊन त्यांच्याच दवाखान्यात गेली; दुसरं होतं कोण? कानातून मळाचा खडा निघाला. शुगर-बीपीची औषधं लागली. अमृतनी ती गोळी बंद केली. महिन्याभरात सहादेव दोन भाकरी खाऊ लागला, रात्री झोपू लागला, हाक मारली की वळून बघू लागला.

रोग काही थांबला नाही. उन्हाळ्यात एके दुपारी त्याने तिला विचारलं, "बाई, तुमी कुनाच्या?"

"तुमची," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात कालवण वाढलं.