साठ वर्षांची चूक

चिनी अभ्यास विभागाच्या प्रमुखांना विद्यार्थी महाभिंत म्हणत. लांबून भव्य, जवळ गेलं की नुसत्या विटा. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी एका चिनी चहाव्यापाऱ्याच्या घरातल्या एकेचाळीस पत्रांवर पुस्तक लिहिलं. त्या एका पुस्तकावर ते प्रमुख झाले, समित्यांवर गेले आणि दुसरं लिहायची गरज त्यांना कधी वाटली नाही. पुस्तकाचा सगळा डोलारा एका तारखेवर उभा होता: १८२६.

पत्रांवर सनाचा आकडा नव्हता. जुन्या चिनी पद्धतीत वर्षांना नावं असतात आणि दर साठ वर्षांनी तीच नावं फिरून येतात, आपल्या संवत्सरांसारखी. पत्रांवरचं नाव १८२६चं असू शकत होतं, तसंच १८८६चंही. सरांनी १८२६ घेतलं. जुन्याला भाव जास्त.

त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी विद्यार्थिनी सहा वर्षं त्या पत्रांच्या पेटीशी बसली होती. तेराव्या पत्रापासून पुढच्या घड्या कुणी उघडल्याच नव्हत्या. कागद एकमेकांना चिकटले होते. ती हाडाच्या पातळ पट्टीने एकेक सोडवत गेली. सरांनी वाचली होती बारा पत्रं, तीही एका मदतनिसाने भाषांतर करून दिलेली. तेविसाव्या पत्रात घरच्यांना चहाच्या भावाची तार आली होती. १८२६ साली चीनमध्ये तारेचा खांबही नव्हता.

तिने प्रकरणाचा मसुदा जूनमध्ये सरांना दिला. सरांनी तो आठ महिने ठेवून घेतला आणि तिची नोंदणी संपायला चार दिवस उरले तेव्हा तिला बोलावलं. प्रबंध सादर करायच्या अर्जावर सरांची सही झाली नाही तर सहा वर्षं पाण्यात जाणार, हे दोघांनाही माहीत होतं.

"हे तिसरं प्रकरण काढून टाक," सर म्हणाले.

"सर, तेविसाव्या पत्रात तार आहे."

"ते पत्र कुणीतरी मागाहून पेटीत टाकलं असेल."

"हस्ताक्षर एकच आहे."

"बापलेकांचं हस्ताक्षर सारखंच असतं गं. आणि साठ वर्षं म्हणजे काय? त्या संस्कृतीत एक डुलकी."

"तुमच्या पुस्तकात त्या डुलकीवर दोनशे पानं आहेत, सर."

"तोंड फार चालतं तुझं. तळटीप घाल. 'काही अभ्यासकांच्या मते', एवढं पुरे."

ती बाहेर आली. विभागाचा कारकून टपालावर शिक्के मारत होता.

"ताई, घाला ना टीप," तो मान वर न करता म्हणाला. "पदवी घ्या, मग बसा भांडत. भिंतीवर डोकं आपटून भिंतीला काही होत नाही."

घरी वहिनीने जेवणाचं ताट पुढे सरकवलं. "तारीख त्या व्यापाऱ्याची. तुझं काय जातंय?"

"खोटं मला लिहावं लागेल ना, वहिनी. व्यापारी सुटला."

दुसऱ्या दिवशी ती तेविसावं पत्र घेऊन सरांकडे गेली. खोलीत दोन प्राध्यापक बसले होते. "सर, टीप घालते," ती म्हणाली. "फक्त हे पत्र एकदा मोठ्याने वाचून दाखवा. तुमचं मत तुमच्याच शब्दांत घालते."

पत्र घाईच्या, वळणदार लिपीत होतं. सरांना छापील अक्षरं वाचता येत, तीही कोश शेजारी असेल तर. त्यांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला, जवळ धरला. दोन्ही प्राध्यापक वाट बघत होते.

"उजेड बरा नाही," सर म्हणाले. "आण तो अर्ज इकडे." त्यांनी सही केली.

प्रबंध जसा होता तसा गेला. तीन महिन्यांनी तोंडी परीक्षेला बाहेरच्या विद्यापीठातून परीक्षक बाई आल्या. सर त्यांच्या शेजारी बसले.

"तुमच्या सरांचा गेल्या महिन्यातला लेख तुम्ही वाचला नाही?" बाईंनी विचारलं. "१८८६ ही तारीख त्यांनी त्यात सिद्ध केली आहे. ती आपण गेल्या वर्षीच शोधली, असं ते लिहितात. तुम्ही त्यांना श्रेय दिलेलं नाही."

लेख तिने पहिल्यांदाच पाहिला. त्यात 'पूर्वीच्या अभ्यासकांची ढोबळ चूक' असा उल्लेख होता. पूर्वीचा अभ्यासक एकच होता आणि तो लेखाखाली सही करून बसला होता. तिने दोन पानं वाचली आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"यात तार व्यापाऱ्याचे धाकटे काका करतात."

"मग?"

"धाकटे काका एकविसाव्या पत्रात वारले आहेत. तार थोरल्या काकांची आहे. धाकटे हे मी जूनच्या मसुद्यात लिहिलं होतं. माझी चूक होती. अंतिम प्रतीत दुरुस्त केली."

बाईंनी प्रबंध उघडला, लेख शेजारी ठेवला आणि दोन्हींवरून सावकाश नजर फिरवली. "म्हणजे मेलेला माणूस तार करतो," त्या म्हणाल्या. "आणि तो मसुदा कुणाकडे होता?"

"असे मसुदे खूप येतात," सर म्हणाले. "कोण लक्षात ठेवणार?"

दारात चहाच्या कपांचा ट्रे घेऊन कारकून उभा होता. "आवक वहीत नोंद आहे, मॅडम," तो म्हणाला. "चौदा जून. सरांनी स्वतः घेतला. आणू वही?"

"आणा," बाई म्हणाल्या.

वही आली. बाईंनी नोंद पाहिली आणि अहवालाची पहिली ओळ लिहिली: १८८६ ही तारीख उमेदवाराने शोधली आहे. मग मार्गदर्शकाच्या सहीची जागा दाखवत त्यांनी पेन सरांपुढे धरलं.