कामाची बोली

"गेल्ट नाइन," साधना म्हणाली. "पैसे नाही. आर्बाइट. काम."

टेबलाभोवतीच्या पाच जणांनी एकमेकांकडे पाहिलं. सप्टेंबरातला गुरुवार होता. चर्चच्या छोट्या सभागृहात पंचमंडळींची बैठक चालली होती आणि साधना उजागरे त्या बैठकीत पहिल्यांदाच तोंड उघडत होती. जर्मनीतल्या येना शहरात येऊन तिला चार वर्षं झाली होती. रविवारी ती खुर्च्या लावायची, कॉफीचे कप विसळायची. शनिवारी सात-आठ पोरांचा बायबलचा तास घ्यायची आणि भाषेची उणीव गाण्यांवर नि चित्रांवर निभावून न्यायची. बैठकीत मात्र भिंतीकडेला बसून नुसतं ऐकायची.

विषय एकतीस ऑक्टोबरचा होता. येनात त्या दिवशी सुट्टी असते, ती धर्मसुधारणेच्या आठवणीची. पण अलीकडे मुलांना तो दिवस हॅलोविनचाच म्हणून माहीत. भुताखेतांची सोंगं घ्यायची, दारोदार चॉकलेटं मागायची, नाही मिळाली तर खोडी काढायची. गेल्या वर्षी चर्चच्या दारावर टोमॅटो फुटले होते, आणि फोडणाऱ्यांत सांगाड्याचा पोशाख घातलेला साधनाच्याच तासाचा एक मुलगा होता. यंदा दुपारपासूनच सभागृहाला कुलूप घालावं, असं हेर केस्टनर म्हणत होते. ते सगळ्यांत जुने पंच. किल्ल्याही त्यांच्याच खिशात.

"कुलूप नको," साधना म्हणाली होती. "त्याच दिवशी मुलांचा सण करू. सुगीचा."

आणि तिने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये नगरकडचा सुगीचा सण सांगितला. लोक शेतातलं पहिलं कणीस, पहिला भोपळा, घरची कोंबडी असं घेऊन चर्चला येतात. उपासना झाली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो. दोन रुपयांचा दुधीभोपळा बोलीवर चढत चढत पन्नासला जातो, घेणारा तो परत दान देतो आणि पुन्हा बोली लागते. हसून हसून माणसांची पोटं दुखतात.

"लिलाव? चर्चमध्ये?" केस्टनर म्हणाले. "प्रभूने देवळातून व्यापाऱ्यांना हाकलून लावलं होतं, फ्राऊ उजागरे."

त्यावरच ते "गेल्ट नाइन" आलं होतं. मुलांनी पैशांची बोली लावायचीच नाही. कामाची लावायची. भोपळा हवा? मग शेजारच्या आजोबांचा पाला किती वेळा झाडशील, बोल.

केस्टनर मोठ्याने हसले. "चॉकलेट सोडून पोरं कामासाठी येतील?"

"येतील," साधना म्हणाली.

पाळकबाई फ्राऊ राउटर तिशीतल्या होत्या. तीन गावांची तीन चर्चेस त्यांच्या एकटीच्या गळ्यात होती. त्यांनी डोळे चोळले आणि म्हणाल्या, "खरं सांगते. शनिवारचा तास बंद करून शहरातल्या मोठ्या चर्चला जोडा, असं वरून पत्र आलंय. सात मुलं फार कमी पडतात. हा सण करून बघा. मुलं आली, तर मला काहीतरी लिहिता येईल."

केस्टनरांनी किल्ली टेबलावर ठेवली, पण हात तिच्यावरच ठेवला. त्यांच्या लहानपणी इथे कम्युनिस्टांचं राज्य होतं. चर्चला जाणाऱ्या मुलाला शाळेत उभं करून हसायचे. पुढे त्यापायी त्यांना कॉलेजातही जागा मिळाली नव्हती. एवढं सोसून टिकवलेलं चर्च आता नुसतं माणसांअभावी रिकामं होत होतं. त्या रागाला त्यांच्याकडे औषध नव्हतं.

"तीन ते पाच," ते म्हणाले. "पाचला मी कुलूप लावणार."

"गेनाऊ," साधना म्हणाली. "बरोबर पाचला."

नगरला साधनाने बारा वर्षं शाळेत शिकवलं होतं आणि तितकीच वर्षं संडेस्कूल घेतलं होतं. यशवंतला इथल्या प्रकाशशास्त्राच्या संस्थेत संशोधनाचं काम मिळालं, म्हणून ती नोकरी सोडून आली. आता ती मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, भांडी धुण्याच्या मशीनवर उभी असे. तिथे कुणाशी बोलावं लागत नसे, आणि तिला तेच खुपत असे.

ऑक्टोबरभर दुपारी काम सुटलं की ती सायकल काढायची. शहराबाहेर लोकांच्या भाड्याच्या छोट्या बागा होत्या. तिथल्या फाटकांशी उभं राहून ती म्हणायची, "मुलांच्या सणासाठी काही देता का?" काहींनी मान हलवली, एकाने कुत्रा सोडला. पण बाकीच्यांनी सफरचंदं दिली, अक्रोड दिले, कांद्यांची वेणी दिली. एका आजीने तर वीस किलोंचा भोपळा दिला. तो सायकलच्या कॅरिअरला बांधून साधना चार किलोमीटर चालत आली.

मुलांनी करायची कामंही तिलाच शोधायला लागली. चर्चभोवतीच्या अकरा मजली इमारतींत एकटी म्हातारी माणसं खूप होती. एकीला बाटल्या दुकानात परत न्यायच्या होत्या, एकाला तळघरातलं सामान वर आणायचं होतं. सहाव्या मजल्यावरचे हेर ब्योमे दार अर्धवट उघडूनच म्हणाले, "मला काही नको." ते काचेच्या कारखान्यात चाळीस वर्षं भिंगं तपासत होते, आणि आता त्यांचेच डोळे गेले होते. कडेकडेचं तेवढं दिसायचं.

साधना जिना उतरायला लागली, तसा मागून आवाज आला.

"पेपर वाचून दाखवेल का कुणी? पण चर्चबिर्च नको हां."

"चर्च नाही," साधना म्हणाली. "फक्त पेपर."

जाहिरातीचा कागद तिने अन्वीपुढे ठेवला. अन्वी तिची अकरा वर्षांची मुलगी. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. तिने लाल पेनाने सात चुका काढल्या.

"भोपळा पुल्लिंगी आहे, ममा. देअर क्युर्बिस."

"आमच्यातही तो भोपळाच, पुल्लिंगीच," साधना हसली. "तू लिलावाला माझ्याशेजारी उभी राहशील ना? माझं अडलं तर सांगायला."

अन्वीने पेनाचं टोपण लावलं. "इश कॉमं निश्ट."

येणार नव्हती ती. लेआकडे हॅलोविनची पार्टी होती, वर्गातल्या सगळ्या मुली चेटकिणी होणार होत्या.

"मेलेल्या माणसांची सोंगं काढायची? आपण कबरींवर फुलं ठेवतो गं."

"दास इस्ट डोख नूर श्पास!" नुसती गंमत आहे, असं म्हणून अन्वी खोलीत गेली आणि दार लागलं.

"अहो, ऐकलंत का?" साधना नवऱ्याला म्हणाली. "लोकांची पोरं मी बोलावणार आणि माझी पोरगी चेटकीण होऊन हिंडणार. केस्टनरला काय तोंड दाखवू?"

"तुझंच दाखव," यशवंत म्हणाला. "आणि तिला जाऊ दे. ओढून आणलीस तर ती तिथे उभी राहील, पण आलेली नसेल."

दोन दिवसांनी अन्वीने काळा झगा घालून पाहिला, तर तो पायांखाली येत होता. साधनाने तो काढून घेतला, खाली चार बोटं दुमड घातली आणि हाताने बारीक टीप मारून दिली. "जिन्यात पडशील," एवढंच म्हणाली.

एकतीस तारखेला तीन वाजता सभागृहात चार मुलं होती. सव्वातीनला पाच. केस्टनर दाराशी हाताची घडी घालून उभे होते. पाळकबाई तिसऱ्यांदा मेणबत्त्या मोजत होत्या. साधनाने भोपळ्याभोवती सफरचंदं पुन्हा रचली आणि सरळ बाहेर गेली. समोरच्या इमारतीखाली सोंगं घेतलेल्या पोरांचा घोळका अंधार पडायची वाट बघत होता. ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"भोपळा आहे. वीस किलो," ती म्हणाली. "ज्याची बोली मोठी, त्याचा."

घोळका तिच्यामागून आला. दारात केस्टनर आडवे झाले. "मुखवटे घालून आत यायचं नाही. जाहिरातीच्या कागदावर लिहिलंय तसं."

"मुखवटे खुंटीला," साधना म्हणाली. "मुलं आत."

कोटांच्या खुंट्यांवर दोन कवट्या, एक वटवाघूळ आणि रक्त लागलेला एक डॉक्टर लटकले. आत चौदा मुलं झाली. पाळकबाईंनी छोटी प्रार्थना म्हटली, दोन गाणी झाली आणि साधना स्टुलावर चढली.

अक्रोडांची पिशवी एका पोराने बाटल्या दोनदा परत नेण्याच्या बोलीवर घेतली. मग मुलांना चव लागली. कांद्यांच्या वेणीसाठी दोघी बहिणी एकमेकींवर चढ लावायला लागल्या. साधनाला उत्साहात जर्मन सुचेना, तेव्हा ती नगरच्या अंगणात असल्यासारखी ओरडली, "एकवार! दोनवार! तीनवार!" पोरांना ते इतकं आवडलं, की पुढच्या प्रत्येक वस्तूला सगळं सभागृह ओरडायला लागलं, "एकवार! दोनवार!" मुरंब्याच्या बरणीसाठी खुद्द केस्टनरांनी हात वर केला आणि चर्चच्या पन्हाळी साफ करायची बोली लावली. पोरांनी टाळ्या पिटल्या.

भोपळा शेवटी निघाला. पाला चार वेळा, पाला सहा वेळा, तळघर आणि पाला सहा वेळा, अशी बोली चढत गेली. मग येटं नावाची दहा वर्षांची लाल केसांची मुलगी बाकावर उभी राहिली. "आंधळ्या आजोबांना पेपर. चार शनिवार. प्रत्येक वेळी एक तास!"

"तीनवार!" सभागृह दणाणलं.

पाचला केस्टनरांनी कुलूप लावलं. "हं," ते म्हणाले. "वाईट नव्हतं." पाळकबाईंनी साधनाला मिठी मारली. पुढच्या वर्षी पुन्हा करायचं, त्या म्हणाल्या, आणि पत्राचं उत्तर आता त्या आनंदाने लिहिणार होत्या.

संध्याकाळी अन्वी घरी आली. गालांवरचा काळा रंग पुसता पुसता मराठीत म्हणाली, "किती आले?"

"चौदा."

"छान," ती म्हणाली, आणि थोडी चॉकलेटं आईच्या बशीत ठेवून गेली.

शनिवारी दहाला सगळ्यांनी सभागृहासमोर जमायचं ठरलं होतं. साधना पावणेदहालाच आली, झाडू आणि पोती घेऊन. साडेदहापर्यंत तीन मुलं आली. अकरापर्यंतही तीनच. तिने कामं बघून तिघांना पाठवलं आणि बाकीच्यांची दारं वाजवायला निघाली. कुणी झोपलं होतं, कुणी आजीकडे गेलं होतं. येटंची आई ओले हात पुसत दाराशी आली.

"आज तिचं पोहणं असतं. दर शनिवारी." तिने साधनाच्या हातातल्या बोलींच्या यादीकडे पाहिलं. "ते खरंच करायचं होतं? तो तर खेळ होता ना?"

आत स्वयंपाकघरात भोपळ्याच्या फोडी पातेल्यात शिजत होत्या. वास दारापर्यंत येत होता.

"नाही," साधना म्हणाली. "खेळ नव्हता." पुढे सांगायचं खूप होतं, पण तेवढी जर्मन तिच्याकडे नव्हती. "सूप चांगलं होईल," एवढं म्हणून ती जिना उतरली.

चर्चच्या भिंतीला शिडी लावून केस्टनर पन्हाळीतला पाला खाली टाकत होते. ते वरूनच बोलले, "मी बैठकीत म्हटलं होतं."

"म्हटलं होतं," साधना म्हणाली.

"मग आता?"

"म्हाताऱ्यांना सांगितलंय, शनिवारी माणूस येईल म्हणून."

तिने पहिल्या इमारतीसमोरचा पाला झाडला, मग दुसऱ्या. बाटल्यांच्या दोन पिशव्या दुकानात नेल्या. तळघरातली लाकडी पेटी एकटीला उचलेना, तेव्हा मागून केस्टनर आले. त्यांनी दुसरी बाजू धरली. तीन वाजता तिने हात धुतले, कोपऱ्यावर पेपर घेतला आणि लिफ्टने सहाव्या मजल्यावर गेली.

हेर ब्योमे इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. टेबलावर दोन कप आणि बिस्किटांची बशी होती.

"लहान मुलगी येणार होती ना?"

"ती नाही आली. मी आले. माझी जर्मन चांगली नाही."

"ते ऐकू येतंय," ते म्हणाले. त्यांनी चाचपडत तिच्यासाठी खुर्ची मागे सारली. "बसा."

साधनाने पहिलं पान उलगडलं आणि मथळ्यावर बोट ठेवलं.

"ते नको. राजकारण रेडिओवर लागतं. मागून तिसरं पान काढा. चौकटी असतील, काळ्या."

मृत्यूच्या बातम्यांचं पान होतं. रेडिओ तेवढं सांगत नाही, ते म्हणाले. कारखान्यातलं कोण गेलं, ते त्यांना वर्षभर कळलंच नव्हतं.

साधना पेपर खिडकीकडे धरून उजेडात बसली. पहिलं नाव लांबलचक होतं, तिने ते अडखळत वाचलं. ब्योमे डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी मान हलवली आणि तेच नाव सावकाश, सुटं सुटं करून म्हटलं. "भिंगांच्या खात्यात होता," ते म्हणाले. "माझ्या डावीकडे बसायचा."

साधनाने ते नाव पुन्हा वाचलं. या वेळी नीट आलं. मग तिने पुढच्या चौकटीवर बोट ठेवलं.