डाळिंबी चिंध्या

लोक बाजाराहून बायकोसाठी बांगड्या आणतात, खण आणतात. सटवाजी गोष्टी आणायचा. दिवाळी झाली की तो मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला जायचा, आणि मिरगाच्या तोंडाशी शिरड शहापूरजवळच्या आपल्या गावी परतायचा. वहाणा काढायच्या आत सत्यभामा विचारायची, "औंदा काय आणलं?"

मग तो सांगायचा. हिंगोलीत एका आळीला रिसाला म्हणतात, पण घोडा औषधालाही नाही. घोडेस्वारांचा रिसाला उठून गेला, नाव तेवढं बांधून ठेवल्यासारखं राहिलं. तिथंच पेन्शनपुरा म्हणून वस्ती आहे. पलटणीतले म्हातारे शिपाई पेन्शन घेऊन तिथं राहिले, आणि वस्तीनंही तेच नाव लावून घेतलं.

सत्यभामा ऐकून घ्यायची, आणि एखादा प्रश्न असा टाकायची की सटवाजीला उत्तर जुळवावं लागायचं. औंढ्याचं देऊळ भक्ताकडं तोंड करून फिरलं, म्हणून तिथला नंदी मागच्या बाजूला राहिला, ही गोष्ट तर दोघांनी लहानपणापासून ऐकलेली. एकदा ती जात्यावर दळता दळता म्हणाली, "देव फिरला, देऊळ फिरलं, मग नंदी काहून न्हाई फिरला?"

"बैल हाय तो. उठायला येळ लावतो," सटवाजी म्हणाला होता, आणि ती इतकी हसली होती की खुंटा हातातून सुटला होता.

जर्मनच्या दुसऱ्या लढाईतला तो हिवाळा. मार्गशीर्षात सत्यभामा तापानं गेली. निरोप गोदावरीच्या काठी पोचला, सटवाजीनं मेंढरं चुलतभावाच्या हवाली केली आणि वाट धरली. तो आला तेव्हा राखही सावडून झाली होती.

तेरवी झाली. पाव्हणे गेले. आणि सटवाजीला कळलं, की आपलं घर आपण हिवाळ्यात कधी पाहिलंच नाही. ऊन आधी कुठल्या भिंतीवर येतं ते त्याला ठाऊक नव्हतं. सकाळी ओढ्यावरून धुकं उठायचं, अंगणात शिरायचं, आणि बाभळीचं झाड कुणीतरी पाठमोरं उभं असावं तसं दिसायचं. त्या धुक्यातून त्याला मेंढरांच्या घंटा ऐकू यायच्या. मेंढरं दूर नदीकाठी होती. तरी तो उठून दारात यायचा. लढाईपायी घासलेट मिळत नव्हतं, म्हणून दिवस मावळला की गाव निजायचं. घोंगडीखाली पडल्या पडल्या त्याला औंदा आणलेली गोष्ट आठवायची. ती तशीच राहिली होती. ऐकणारं माणूस नव्हतं.

वावर सत्यभामेचं होतं. म्हणजे कागदावर त्याचंच, पण पेरणं, निंदणं, राखणं तिचं. बांधाच्या कडेनं तिनं हुरड्याच्या ज्वारीची एक पट्टी धरली होती. बी तिच्या माहेरचं, कळमनुरीकडचं. तिकडं तिच्या भावानं, मसाजीनं, सगळ्या रानात कापूस लावला आणि ते बी घालवून बसला. आता ती ज्वारी या एका पट्टीतच उरली होती.

तेरवीनंतर सटवाजी पहिल्यांदा वावरात गेला. कणसं दुधात आली होती. बघतो तर काही काही कणसांच्या मानेला चिंध्या बांधलेल्या. डाळिंबी रंगाच्या. तिच्या जुन्या लुगड्याच्या.

त्याला वाटलं, नजर लागू नये म्हणून बांधल्या असतील. कोकरांच्या गळ्यात ती काळा दोरा बांधायची, तसंच. चिंध्या दवानं भिजून गार पडल्या होत्या. त्यानं एक हातात धरली. सत्यभामाच रात्रभर उघड्यावर थंडीत उभी राहिली आहे, असं काहीसं त्याच्या मनात आलं. मग त्याला राहवेना. एकेक गाठ सोडत तो पट्टीभर फिरला. सगळ्या चिंध्या त्यानं उन्हात वाळवल्या, चंचीत पान-तंबाखूशेजारी ठेवल्या आणि चंची पोटाशी खोवली. त्या दिवसापासून त्याला जरा झोप येऊ लागली.

पौष लागला, हुरडा धरला. नवा हुरडा गेलेल्या माणसाच्या नावानं आधी वावरात ठेवायचा, मग घरच्यांनी तोंडात घालायचा, ही त्यांच्याकडची रीत. त्यासाठी मसाजी आणि त्याची बायको अनुसयाबाई बैलगाडीनं आली. सकाळीच तिघं वावरात गेली. धुकं अजून पट्टीवर बसलेलं होतं. मसाजीनं बांधाजवळ खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवली, आणि विळा घेऊन ज्वारीत शिरू लागला.

"थांबा की जरा," अनुसयाबाई म्हणाली. "दाजी, आधी बिजवाईची, बियाला राखलेली कणसं दावा. त्याला हात लागायला नको."

"बिजवाईची कोनती?" सटवाजी म्हणाला.

"आवो, वन्सं चिंध्या बांधून ठेवायच्या ती. गेल्या हिवाळ्यात मी आले तवा मलाच फाडायला लावलं होतं लुगडं."

सटवाजीनं चंची काढली. सुटली तशी डाळिंबी चिंध्यांची जुडी बाहेर आली. आगटीत गोवरी तडकली.

"अरे देवा," मसाजी म्हणाला. "दाजी, मेंढरामागं फिरून मेंढरंच झाले तुमी! बिजवाईची खूण कोनी सोडतं व्हय?"

"तुमी तर बोलूच नका," अनुसयाबाई नवऱ्यावर उसळली. "त्याहिनी चिंध्याच सोडल्या. तुमी आख्खं बी घालवलं."

मसाजीनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "मोठी मोठी कणसं बघून ठिवा की बियाला."

"मोठं बघून न्हाई बांधायच्या त्या. कोनत्या ताटाचं कणीस आधी निसवून बाहेर आलं, कोनतं पान्याची ओढ सोसून हिरवं राहिलं, ते रोज येऊन बघायच्या. आता निसवून झालं. आता समदी सारखीच."

"मग समदीच ठिवा."

"आन् वन्संच्या नावाचा हुरडा काय कापसाचा भाजता?" ती म्हणाली. "चांगल्यात हलकं मिसळलं की दोन सालात गोडी जाती. मग हायेच, पाखरांनाच टाकायची जवारी."

सटवाजी तिथून उठला आणि पट्टीत शिरला. त्याला पाठीमागचं बोलणं ऐकायचं नव्हतं. सत्यभामा गेली तेव्हा आपण जवळ नव्हतो, हे एक होतंच. पण जाताना ती जे नीट बांधून गेली, तेही आपण आपल्या हातानं सोडून टाकलं. पुढच्या साली या बांधावर दुसरीच कुठली तरी ज्वारी उभी राहील, आणि सत्यभामा या वावरातूनही जाईल. तो ताटांच्या मध्ये मटकन खाली बसला.

धुकं विरळ झालं. सूर्य बांधाच्या वर आला आणि ऊन आडवं ज्वारीत शिरलं. सटवाजी खालून वर बघत होता. ज्वारीच्या ताटावर पिठासारखा पांढरा थर असतो, बोट फिरवलं की निघतो. त्या उन्हात तो थर सगळ्या ताटांवर उजळला. आणि समोरच्या एका ताटावर, कणसाच्या जरा खाली, पांढऱ्यात एक हिरवं कडं दिसलं.

तो बघत राहिला. घंटेच्या मेंढीची घंटा तुटून पडली तरी धनगराला ती मेंढी ओळखू येते. दोरी घासून घासून तिच्या गळ्याची लोकर झिजलेली असते, तिथं कडं पडतं. अंधारातही हात फिरवला की कळतं, ही आपली घंटेवाली.

त्यानं उठून त्या ताटाच्या मानेवरून बोट फिरवलं. वाऱ्यानं चिंधी हलून हलून तिथलं पीठ पुसलं गेलं होतं. नितळ हिरवी बांगडी.

"अनुसयाबाई!" त्यानं हाक मारली. "विळा खाली ठिव म्हनावं त्याला! खुणा गावल्या!"

अनुसयाबाई धावत आली. त्यानं बोट लावून दाखवलं. ती वाकली, बघितलं, आणि पदर डोळ्याला लावला. "माझ्या तर ध्यानातच आलं नसतं," ती म्हणाली. "बांधा तुमीच. तुमीच सोडल्या."

सटवाजी एकेक मान बघत निघाला. कडं दिसलं की चंचीतली चिंधी काढायची आणि गाठ मारायची. पहिली चिंधी देताना हात अडला. मग सवय झाली. आणि गाठी मारता मारता त्याला कळलंही नाही कधी तो बोलू लागला ते. औंदाची गोष्ट.

"गोदावरीवर म्हातारा भेटला. पेन्शनपुऱ्यातला, उत्तमसिंग नावाचा. न्हायला आला होता. म्हनाला, जवानीत त्याची पलटन काबुलाकडं गेली होती. तिथं थंडी अशी, की मिशीवर बरफ धरायचा. एका संध्याकाळी घाटात पहाऱ्यावर हुबा होता. वरून आवाज आला. करकोच्यांचा. तेच, आपल्या हरबऱ्यात उतरत्यात ते. म्हातारा म्हनाला, तो आवाज ऐकला आन् वाटलं, घरी आलो. बंदूक धरून रडला. मग कळलं त्याला, ते पाखरं उन्हाळ्याला तिकडं पल्याड जातेत, आन् हिवाळ्याला आपल्याकडं येतेत. दर साल."

इथं सत्यभामा काय म्हणाली असती, ते त्याला आतल्या आत ऐकू आलं. म्हंजी तेबी धनगरच की. तो हसला, आणि पुढच्या मानेला गाठ मारली.

पट्टी संपली. चंचीत एक चिंधी उरली. तो पुन्हा सगळं फिरून आला, कडं कुठं दिसेना. अनुसयाबाईनंही शोधलं. तेवढ्यात तिची नजर आगटीकडं गेली. मसाजी निखाऱ्यापुढं बसला होता. हातात एक कणीस, निखाऱ्यात खुपसायच्या बेतात.

"ते कवा तोडलं?" तिनं दरडावलं.

"आल्या आल्या एकच... धुक्यात हाताला लागलं," मसाजी पुटपुटला.

सटवाजीनं ते कणीस त्याच्या हातातून घेतलं. देठावर हिरवं कडं होतं.

अनुसयाबाई नवऱ्याला काही तरी बोलणार होती. सटवाजीनं हातानं थांबवलं. "राहू द्या," तो म्हणाला. "बराबर झालं. तिच्या नावाचा हुरडा तिनंच निवडलेल्या कणसाचा. बाकीचे हायेत बियाला."

त्यानं ते कणीस स्वतः भाजलं. गरम कणीस तळहातावर चोळलं, तसे हिरवे टपोरे दाणे सुटले. फुंकर मारून कोंडा उडवला. दाणे पळसाच्या पानावर घेऊन तो बांधाच्या त्या कोपऱ्यावर गेला, जिथं ती भाकरीचं टोपलं ठेवायची. पान ठेवलं, उडू नये म्हणून कडेला खडा ठेवला. मागं पट्टीत चिंध्या वाऱ्यानं हलत होत्या. रात्री त्या पुन्हा दवात भिजणार होत्या. कणसं पिकेपर्यंत त्या तिथंच राहणार होत्या. उरलेली एक चिंधी त्यानं घडी करून चंचीत ठेवली.

"औंदा एवढंच आणलं," तो पानाकडं बघून म्हणाला.

"दाजी, या लवकर," आगटीजवळून मसाजी ओरडला. "निखारे गार होऊन राहिले!"

सटवाजी उठला, गुडघ्यांची माती झटकली आणि आगटीकडं निघाला.