मुलगी आहे ना घरात

रविवारची प्रार्थना आटोपून मेदेइरोस कुटुंब नेहमीप्रमाणे आईकडे जेवायला जमले होते. केल नावाच्या पालेभाजीचे सूप, लिंग्विसाचे मसालेदार सॉसेज, गोड पाव, सगळे टेबलावर वाफाळत होते. दुआर्तने दुसऱ्यांदा सूप वाढून घेतले. त्याची बायको सँड्रा फोनवर मुलींचे फोटो दाखवत होती. एवढ्यात चाकाच्या खुर्चीतून आईचा, इडालिनाबाईंचा आवाज आला, "नताली..."

दुआर्तच्या बहिणीने, नतालियाने हातातला चमचा खाली ठेवला. आईला आत न्यायचे, उतरवायचे, पुसायचे, बदलायचे आणि परत आणायचे. तोवर दुआर्त व्हरांड्यात जाऊन सिगारेट ओढत असे. कोणी त्याला जा म्हणत नव्हते. मुलाने आईचे असले काही पाहू नये, हे पोर्तुगालच्या अझोर बेटांवरून आलेल्या त्यांच्या आजोबा-पणजोबांपासून ठरलेलेच होते. आणि घरात अविवाहित मुलगी असल्यावर आईबापांचे कोणी करायचे, हे तर अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावच्या त्या वस्तीत कोणी कधी बोलूनही दाखवले नव्हते.

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा नतालिया इतिहासाची पदवी घेऊन बंदरावरच्या संग्रहालयात कामाला होती. "तू एकटीच आहेस, तुला काय?" असे दुआर्तच म्हणाला होता. तिने नोकरी सोडली, त्याला चार वर्षे झाली.

ती परत आली तेव्हा सूप गार झाले होते. न बसताच तिने सांगितले, "मला मुलाखतीला बोलावलंय. गुरुवारी, बोस्टनला."

"कसली मुलाखत?"

"नर्सिंगची. आधी दुसरी पदवी असलेल्यांसाठी वेगळा अभ्यासक्रम असतो. सोळा महिने, पण पूर्ण वेळ. गेल्या वर्षी तीन ठिकाणांहून नकार आला. यंदा ही पहिली मुलाखत आहे."

दुआर्त हसला. "म्हणजे संध्याकाळी आई झोपली की शरीरशास्त्र-रसायनशास्त्र चाललं होतं ते ह्यासाठी? अगं, एवढी शिकलीस आणि आता परक्या लोकांची शौचाची भांडी धरणार?"

"घरची धरते तेव्हा कुठं कोणाला हसू येतं?" नतालिया म्हणाली. मग आवाज उतरवून, "गुरुवारी सकाळी आठला येशील? दुपारपर्यंत परत येते मी. एवढंच. बाकी काही मागत नाही."

सगळे त्याच्याकडे पाहत होते. "येईन की," तो म्हणाला. "माझीच आई आहे ना?"

दुआर्त वाईट माणूस नव्हता. घरे गरम ठेवणारे बॉयलर बसवण्या-दुरुस्त करण्याचा त्याचा धंदा होता. थंडीने कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांकडे तो हाक आली की धावत जाई. गुरुवारी सकाळी तो घरून वेळेवर निघाला. पण वाटेत सँड्राचे बोलणे त्याच्या कानात घुमू लागले. "तिला घेतलं तर पुढं काय, ह्याचा विचार केलायस? मी तुझ्या आईचं करणार नाही, आत्ताच सांगते. माझी नोकरी आहे." बरोबरच होते तिचे. मग कोण करणार? ह्या प्रश्नाला चार वर्षे एकच उत्तर होते, आणि ते उत्तर आज बोस्टनला निघाले होते.

पुलाअलीकडच्या डोनटच्या दुकानापाशी त्याने गाडी वळवली. एक कॉफी घेऊ, मग जाऊ, असे तो स्वतःला म्हणाला. कॉफी संपली तरी तो बसून राहिला. फोन थरथरला. नतालिया. त्याने तो टेबलावर पालथा ठेवला. पुन्हा थरथरला. तेव्हा त्याने संदेश लिहिला: "एका गिऱ्हाइकाचा बॉयलर फुटलाय. घरात पाणीच पाणी. नाही जमत. सॉरी."

पाठवून झाल्यावर त्याला हलके वाटले. ही मुलाखत चुकली की पुन्हा बोलावणे नाही, हे तिनेच सांगितले होते. शेकडो अर्जांतून मोजक्या जागा. जाऊ दे. पुढच्या वर्षी बघता येईल. त्याने दुसरी कॉफी मागवली.

दुपारच्या सुमारास, बहिणीला थोडे गोंजारावे म्हणून गोड पाव घेऊन तो आईकडे गेला. दार नुसते लोटलेले होते. आत शिरताच त्याला वास आला.

इडालिनाबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर टाकलेली शाल त्यांनी चांगल्या हाताने घट्ट ओढून धरली होती. खुर्चीखाली जमीन ओली होती.

"नतालिया कुठंय?"

"गेली." झटक्यानंतर त्यांना एकेक शब्द शोधून काढावा लागे. "मी... सांगितलं. जा."

"तुला एकटीला टाकून गेली?"

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा सांगितले, "मी. सांगितलं." मग डोळे खिडकीकडे वळवून, "तू बाहेर जा, पोरा. ती येईल."

दुआर्तचे पाय खरोखरच दाराकडे वळले. सवयच ती. दाराच्या कडीवर हात ठेवल्यावर त्याच्या लक्षात आले की सकाळपासून त्याची आई ह्या ओल्यात बसली आहे, आणि एका कॉफीच्या दुकानात बसून हे आपणच घडवून आणले आहे. तो परत फिरला.

त्याला टॉवेल कुठे असतात ते ठाऊक नव्हते. बदलायचे कपडे कुठल्या खणात असतात ते ठाऊक नव्हते. तो इकडचा खण तिकडे उघडत असताना आईच बोटाने दाखवत होती आणि रडत होती. झगा काढताना त्याने लुळा हात ओढला. ती कळवळली. "आधी... चांगला," ती म्हणाली. आधी चांगल्या हाताची बाही काढायची असते, हे त्याला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळले. माकडहाडापाशी एक लहानशी पट्टी होती, नीट कातरून लावलेली. तिथे जखम आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. खरे तर त्यानेच कधी विचारले नव्हते.

आईने सगळा वेळ डोळे मिटून घेतले होते. तिला लाज वाटत होती. आणि जन्मात पहिल्यांदा दुआर्तला वाटले की ह्या खोलीतली लाज चुकीच्या माणसाने पांघरली आहे.

गरम पाण्याने पुसून, कोरडे करून, त्याने तिला स्वच्छ झगा घातला. बटणे एक वर एक खाली लागली. खालची जमीन पुसून तो उठला तेव्हा आईने डोळे उघडले.

"बॉयलर," ती म्हणाली. "झाला?"

हो म्हणता आले असते. संदेश नतालियाने तिला वाचून दाखवला असणार. "कुठलाच बॉयलर फुटला नव्हता, माई," दुआर्त म्हणाला.

इडालिनाबाईंनी त्याच्याकडे पाहिले. रागाने नाही. "तुझ्या बापाचाही," त्या हळूहळू म्हणाल्या, "फुटायचा."

त्याने तोंड फिरवले. आजी याच घरात अंथरुणाला खिळून गेली, तिचे सगळे आईने केले, आणि वडील त्या वर्षांत कायम कुठल्या ना कुठल्या कामात अडकलेले असत, हे त्याला आठवले.

नतालिया आली तेव्हा कपडे धुण्याचे यंत्र चालू होते. कोट न काढताच ती आईकडे धावली. चुकीची लागलेली बटणे पाहिली, भावाच्या भिजलेल्या बाह्या पाहिल्या आणि काही न विचारता बटणे नीट लावू लागली.

"कशी झाली?" दुआर्तने विचारले.

"त्यांनी विचारलं, तुम्ही आईचं करता म्हणता, मग आज आईजवळ कोण आहे?" तिने वर न पाहता सांगितले. "मी म्हटलं, माझा भाऊ आहे. त्या बाई म्हणाल्या, नशीबवान आहात. मी हसले रे. माझी आई इथं एकटी, आणि मी तिथं बसून हसले. मला खरं सांगायची लाज वाटली. तुझी नाही. माझ्या घराची."

बॉयलर फुटलाच नव्हता हे दुआर्तने मग सांगितले, दारातून निघताना, पाठमोऱ्यानेच.

पुढच्या रविवारी नतालियाने जेवायला कोणी बसायच्या आतच विषय काढला. "मला घेतील किंवा नाही घेतील. बोस्टनला नाही तर प्रॉव्हिडन्सला, तिथं नाही तर पुढच्या वर्षी. पण आजपासून माईचं मी एकटी करणार नाही."

सँड्रा ताठ झाली. "माझ्याकडं बघू नकोस हं, नतालिया."

"तुझ्याकडं बघतच नाहीये. तुझी आई नाही ती. मी दुआर्तला सांगतेय."

"मुलानं... कसं..." इडालिनाबाई पुटपुटल्या.

"मुली करतात तसंच, माई," दुआर्त म्हणाला. "तू मला शिकव, नतालिया. त्या दिवशी मी तिचा हात दुखवला."

बोस्टनच्या कॉलेजने तिला प्रतीक्षा यादीत ठेवले आणि तिथेच विसरले. प्रॉव्हिडन्सहून मात्र होकार आला. मे महिन्यापासून नतालिया पहाटे निघू लागली आणि दुआर्तने कामाची सुरुवात दुपारवर ढकलली. काही गिऱ्हाइके तुटली. पहिले काही आठवडे आई त्याच्यासमोर डोळे मिटून घेई. मग एक दिवस घेतले नाहीत. उलट, पाणी जास्त गरम आहे म्हणून तिने त्याला चांगले फटकारले.

जूनमध्ये एका सकाळी चर्चच्या दोन बायका इडालिनाबाईंना भेटायला आल्या. दुआर्त तेव्हा आईचे पाय धूत होता. त्याला गुडघ्यांवर बसलेला पाहून त्या दारातच थबकल्या.

"नतालिया कुठं गेली?"

"कॉलेजात. आज परीक्षा आहे तिची."

"अशा आईला टाकून?" थोरली म्हणाली. मग धाकटीचे डोळे भरून आले. तिने दुआर्तच्या खांद्यावर हात ठेवला. "कसला गुणी मुलगा आहे तुझा, इडालिना! देवमाणूस! आजकाल कोण करतं गं एवढं? रविवारी फादरना सांगते मी."

दुआर्तच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चार वर्षे हेच पाय ह्याच तसराळ्यात रोज धुतले गेले होते. ह्याच बायका दर महिन्याला येऊन कॉफी पिऊन गेल्या होत्या. नतालियाच्या खांद्यावर कोणी हात ठेवल्याचे त्याला आठवेना. ती गुणी आहे असे कोणी म्हटले नव्हते. त्यानेही नाही.

"फादरना सांगायचंच असेल," तो म्हणाला, "तर हे सांगा, की चार वर्षं हे माझी बहीण करत होती आणि मी बाहेर सिगारेट ओढत होतो."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. थोरलीने घसा साफ केला. "पण ती मुलगीच ना रे," ती समजुतीच्या स्वरात म्हणाली.

दुआर्तने टॉवेल घेतला आणि आईच्या पायांची बोटे एकेक करून कोरडी करू लागला.