मधली जागा माझी

मी एक जुना लाकडी तुकडा आहे. लांबी चार बोटं, रुंदी दोन बोटं, रंग हिरवा, तोही आता बराचसा उडालेला. माझ्या छातीवर इंग्रजी अक्षरांत 'इट' कोरलेलं आहे आणि पाठीवर 'हिम'. म्हणजे मित्रांनो, सरळ ठेवलं तर मी वस्तू, उलटं ठेवलं तर माणूस. इतक्या कमी श्रमात माणूस झालेला दुसरा कोणी माझ्या पाहण्यात नाही.

एका दाराची फळी जास्त झाली, तिच्यातून सुताराने मला कापलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं. बाईंनी दिलेल्या कागदावरची अक्षरं तो वेलबुट्टी कोरावी तशी कोरत गेला आणि 'आय'वरचा ठिपका विसरला. बाईंनी तो खिळ्याने स्वतः ठोकला. जन्मतःच डोक्यात खिळा बसल्यामुळे माझा स्वभाव थोडा हट्टी आहे.

बाई म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधल्या निवृत्त ऑपरेटर. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या लायनी जोडल्या. मग सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत दुपारचा इंग्रजीचा वर्ग काढला, नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. भिंतीवर तीन खाचांची फळी होती. क्रियापदं लाल, 'अप', 'ऑफ', 'आफ्टर', 'थ्रू' असे बारके शब्द पिवळे आणि मी हिरवा. खरी कसोटी माझीच, कारण मला कुठे बसवायचं यावरच गाडी अडायची.

"हे 'टर्न' आणि हे 'ऑफ'. नवराबायको आहेत, स्कूटरवर निघालेत," बाई सांगायच्या. "आता 'द पंप' हा मोठा पाहुणा. तो मधे बसेल, नाहीतर मागे बसेल. टर्न द पंप ऑफ, टर्न ऑफ द पंप. त्याची मर्जी, पोलिसांचं नंतर बघू. पण हा 'इट' म्हणजे तान्हं पोर. पोर कुठे बसवाल?"

"मधे!" वर्ग ओरडायचा.

"मागे बसवलं तर?"

"पडेल!"

"म्हणून टर्न इट ऑफ. आता हे 'लुक' आणि 'आफ्टर'. यांचं नवीन लग्न झालंय. मधे कोणालाही घेत नाहीत. पोराने मुकाट्याने मागे बसायचं. लुक आफ्टर हिम."

"बाई, कुठलं जोडपं कसलं, हे ओळखायचं कसं?"

"ओळखायचं नाही, पाठ करायचं. नातेवाइकांचं तरी दुसरं काय करतो आपण?"

आपल्या लोकांचा एक रोग मात्र बाईंना फार छळायचा. 'फोन स्विचॉफ येतोय' म्हणता म्हणता आपण 'स्विच' आणि 'ऑफ' यांची अशी मोट बांधलेली असते की मला शिरायला फटच उरत नाही. मग लोक मला शेपटासारखं मागे लावतात. 'स्विचॉफ इट!' हे ऐकलं की बाई डोळे मिटून घ्यायच्या आणि मी खाचेतल्या खाचेत शरमायचो.

ते माझे वैभवाचे दिवस होते. पंपावरचे ऑपरेटर, शिवणकाम करणाऱ्या बायका, एक न्हावीसुद्धा मला उचलून मध्ये बसवायचा आणि टाळ्या घ्यायचा. मग इंग्रजी शिकवणारे मोबाइल आले. वर्ग ओस पडला. फळीवर बाईंनी मसाल्याचे डबे मांडले आणि मला टेबलाच्या आखूड पायाखाली सारलं. तीन वर्षं मी तिथे होतो. पाठ वर, पाठीवर 'हिम', त्यावर अख्खं टेबल. माणसाच्या पाठीवरचं ओझं म्हणतात ते काय असतं, हे मला तेव्हा कळलं.

एका दुपारी सायकलवाल्यांची बायको आत आली. मोठ्या इस्पितळाच्या पुरुषांच्या वॉर्डात ती एकवीस वर्षं आया होती. सगळे तिला मावशी म्हणत.

"बाई, मुख्य आयेची जागा निघालीय. दोनदा इंग्रजीपायी हुकली. या खेपेला गेली तर पुढच्या वेळी वयात बसत नाही मी. आणि नव्या मेट्रन परदेशातून आल्यात, त्यांना आपलं अक्षर कळत नाही. मुलाखत दहा दिवसांवर आलीय."

बाहेरून सायकलवाल्यांचा आवाज आला, "मेट्रनबाईंशी इंग्रजी बोलणार? त्या बिचाऱ्या परतीचं तिकीट काढतील!"

"तुम्ही आधी त्या पंक्चरशी बोला," मावशी म्हणाली. "सकाळपासून तुमचं ऐकत नाहीये ते."

बाईंनी वाकून मला टेबलाखालून ओढलं, पदराने पुसलं आणि डबे खाली उतरवले. मित्रांनो, खाचेत बसताना माझ्या अंगावर काटा आला. लाकडाच्या बाबतीत त्याला कूस म्हणतात.

मावशी रोज ड्युटी संपवून यायची. पिक इट अप, पुट इट ऑन, लुक आफ्टर हिम. सात दिवस छान गेले. आठव्या दिवशी बाईंनी 'सी' आणि 'थ्रू' काढले आणि मला पालथं केलं.

"हा मधे बसला, सी हिम थ्रू, तर अर्थ काय? अडचणीतून त्याला शेवटपर्यंत निभावून नेलं. आणि हाच मागे बसला, सी थ्रू हिम, तर त्याचं बिंग ओळखलं!"

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे हा चार बोटं सरकला, की सेवा करणारी मी चोर पकडायला लागते?"

"अगदी तसंच."

"भलताच बेरका दिसतोय हा." तिने मला उचललं. "बाई, हा मुलाखतीला माझ्याबरोबर येणार. हाताला लागला म्हणजे जागा आठवेल."

म्हणून मुलाखत मी तिच्या खिशातून ऐकली. आत मेट्रन होत्या आणि वॉर्डाचे मोठे डॉक्टर. मावशीचा घामेजलेला अंगठा माझ्या 'हिम'वरून फिरत होता. मेट्रननी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही सांभाळलेला सर्वांत अवघड रुग्ण कोणता?"

"ओल्ड वॉच रिपेअरर," मावशी म्हणाली. "ब्रोकन हिप. आय लुक्ड आफ्टर हिम."

बरोबर! मी मागे. मी खिशात ताठ झालो.

"ही वॉज व्हेरी डिफिकल्ट. आय सॉ थ्रू हिम."

मेट्रनची लेखणी थांबली. डॉक्टर मावशीला ओळखत होते, त्यांना दया आली. "मावशी, तुम्हाला 'सॉ हिम थ्रू' म्हणायचंय ना?" ते हळूच म्हणाले.

मित्रांनो, मी लाकूड नसतो तर पांढरा पडलो असतो. दहा दिवसांची मेहनत आणि एकवीस वर्षांची नोकरी माझ्या एका जागेवर येऊन अडली होती. पण अंगठा माझ्यावर घट्ट दाबला गेला.

"नो, सर," मावशी म्हणाली. "एव्हरी डे ही सेड, आय टुक द टॅब्लेट. बट ही पुट इट इन हिज सॉक. नाइन टॅब्लेट्स, वन सॉक! सो फर्स्ट आय सॉ थ्रू हिम." तिने श्वास घेतला. "देन, सिक्स वीक्स, आय सॉ हिम थ्रू. ही वॉक्ड होम."

मग मेट्रन हसू लागल्या, इतक्या की त्यांना चष्मा काढावा लागला. त्या डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "या दोन वाक्यांत आयेचं सगळं काम आलं. आणि डॉक्टर, चूक त्यांची नव्हती, तुमची होती."

जागा मावशीला मिळाली. सायकलवाल्यांनी त्या दिवशी दुकान तासभर उशिरा बंद केलं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला थांबवून सांगितलं, "आमची मंडळी डॉक्टरांचं इंग्रजी सुधारून आलीय!" गिऱ्हाइकाला फक्त हवा भरून हवी असायची, पण ऐकल्याशिवाय पंप मिळत नव्हता.

आता मी वॉर्डात मुख्य आयेच्या टेबलावर असतो. बाई दर बुधवारी तिथे येतात, अकरा आया समोर बसतात आणि मी हातोहात फिरतो. परवा एका नव्या आयेने कर्कश वाजणाऱ्या यंत्राकडे बोट दाखवून विचारलं, "मावशी, स्विचॉफ इट?" मावशीने मला उचललं आणि टेबलावर ठेवलेल्या तिच्या दोन मुठींच्या मध्ये उभं केलं. "स्विच इट ऑफ!" पोरगी ओरडली. यंत्र गप्प झालं. खाटांवरच्या रुग्णांनी टाळ्या वाजवल्या, ज्यांचे हात प्लास्टरमध्ये होते त्यांनी खाट वाजवली.

माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. शब्द बारका दिसला म्हणून त्याला जिथे फट मिळेल तिथे कोंबू नका. आधी त्याची जागा विचारा आणि मान देऊन तिथे बसवा. आम्ही चार बोटांचे असतो खरे, पण वाक्य आमच्यावरच उभं राहतं आणि कधी कधी त्याच्याबरोबर एखादं माणूसही.